पेट शॉपमधली नोकरी: काउंटरमागचे काम नेमके काय असते?

नालासोपारा पश्चिमेहून निर्मळमार्गे कळंबच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाताना स्टेशनजवळच्या इमारती मागे पडतात आणि नारळाच्या वाड्या सुरू होतात. या पट्ट्यात प्राणी पाळण्याच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी दिसतात. वाडीतला कुत्रा राखणीला असतो आणि घरातला उरलेला भात-मासळी खातो. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये मात्र पग, लॅब्राडोर किंवा पर्शियन मांजर असते आणि त्यांचे खाणे पाकिटातून येते. पेट शॉप, म्हणजे पाळीव प्राण्यांच्या साहित्याचे दुकान, या दोन्ही घरांना लागते. कोणाला साखळी आणि गोचिडीचे औषध हवे असते, तर कोणाला कॅट लिटर आणि शाम्पू.

बाहेरून हे काम आरामाचे आणि प्राण्यांच्या सहवासाचे वाटते. प्रत्यक्षात त्यात पोती उचलणे, तारखा तपासणे आणि दिवसभर प्रश्नांना उत्तरे देणे असते. प्राणी आजारी पडला की बरेच लोक पशुवैद्याआधी या काउंटरवर येतात. त्यामुळे आपल्याला काय माहीत आहे, यापेक्षा आपण कुठे थांबायचे हे कळणे, हा या नोकरीतला सर्वांत जबाबदारीचा भाग ठरतो.

साहित्याचे दुकान आणि प्राणी विकणारे दुकान

बोलताना दोन्हींना ‘पेट शॉप’ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली पेट शॉपसाठी नियम आणले. कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीरवर्गीय प्राणी किंवा पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्या दुकानाला या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. फक्त खाद्य, पट्टे, भांडी, खेळणी विकणारे दुकान या व्याख्येत येत नाही.

तिथे काम करणाऱ्यालाही हा फरक माहीत असावा लागतो, कारण ‘पोपट मिळेल का?’ हा प्रश्न साहित्याच्या दुकानातही येतो. आपल्याकडचा हिरवा पोपट, मुनिया किंवा तारा कासव हे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते विकणे आणि घरी पाळणे, दोन्ही गुन्हा आहे. ‘ओळखीने मिळवून देतो’ म्हणणारा नोकरही त्यात अडकू शकतो. लव्हबर्ड आणि बजरीगर हे पक्षी मूळचे परदेशी असल्याने त्यांची गोष्ट वेगळी आहे.

दिवसभराचे काम

शटर उघडले की पहिले काम झाडलोट आणि माल लावण्याचे. कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याची मोठी पोती १० ते २० किलोंची असतात. कॅट लिटर ही बहुधा बेंटोनाइट माती असते, त्यामुळे तिची पाकिटेही जड असतात. माल उतरवणे, वरच्या फळीवर चढवणे आणि गिऱ्हाइकाच्या स्कूटरपर्यंत नेऊन देणे यात कंबर धरते. पोते उचलताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवून ते अंगाजवळ धरणे, ही पहिल्याच आठवड्यात शिकायची गोष्ट.

माल लावण्याचा नियम किराणा दुकानासारखाच आहे: आधी आलेला माल पुढे, नवा मागे. लहान दुकानांत मोठे पोते फोडून सुटे खाद्यही किलोवर विकले जाते. परवडत नसलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग होतो, पण त्यात एक अडचण आहे. पोते फुटले की खाद्यातील चरबीला हवा लागते आणि ती हळूहळू खवट होते. म्हणून पोते कधी फोडले ती तारीख लिहून ठेवणे, खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि ते साधारण महिना-दीड महिन्यात संपवणे चांगले. सुट्या खाद्याच्या पिशवीवर एक्स्पायरी नसते, त्यामुळे ती सांगायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

दुकानात फिशटँक असतील तर आणखी काम वाढते. नव्या टाकीत पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडले की ते मरतात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणे हेही आलेच. ही माहिती विक्रीआधी सांगणारा नोकर त्या दिवशी दोन मासे कमी विकतो, पण गिऱ्हाईक टिकवतो. मासा किंवा कासव नकोसे झाले तर गावतळ्यात सोडू नका, हेही सांगायला हवे. सकर मासा आणि लाल कानाचे कासव हे बाहेरचे प्राणी तळ्यात वाढले की स्थानिक जीवांना त्रास होतो.

पावसाळ्याची परीक्षा

किनाऱ्याजवळच्या दुकानाला दमट हवा पुरते. पिंजरे आणि साखळ्या गंजतात, खाद्याला बुरशी लागते, सोनकिडे होतात. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृताला घातक असते. म्हणून ‘थोडासा वास येतोय, पण चालेल’ असे म्हणून पोते विकणे धोक्याचे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार आणि नालासोपाऱ्यात पाणी भरून लोकलसेवा ठप्प झाली होती. अशा भागात तळमजल्यावरच्या दुकानात पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा रॅकवर ठेवावी लागतात.

खाद्याच्या वासाने उंदीरही येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि साचलेल्या पाण्यातून तो पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरू शकतो. पाणी भरलेले दुकान साफ करताना गमबूट आणि हातमोजे हवेत. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात काम केल्याचे सांगायला हवे.

काउंटरवर येणारे प्रश्न

‘दोन दिवस काही खात नाही, काहीतरी द्या ना.’ असे प्रश्न पेट शॉपमध्ये रोजचे असतात. त्याला कारणेही आहेत. दुकानात फी द्यावी लागत नाही, ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असते आणि माणूस ओळखीचा असतो. वसई-विरारमध्ये खासगी पशुवैद्य आहेत. पण मोठ्या उपचारांसाठी अनेकांना मुंबई गाठावी लागते: परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटांचे प्राण्यांचे रुग्णालय. रात्री कळंबमधून आजारी कुत्रा घेऊन तिथे पोहोचणे सोपे नाही. म्हणून आधी दुकानात विचारून पाहू, असा विचार होतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार प्राण्यांवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. प्रतिजैविकांसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि औषधविक्रीच्या परवान्याशिवाय विकता येत नाहीत. शाम्पू, कंगवा, पट्टा, खाद्य यांवर सल्ला देणे हे दुकानाचे काम. आजार ओळखणे हे त्याचे काम नाही.

तरीही काउंटरवरच्या माणसाला एक गोष्ट ओळखता आली पाहिजे: कोणत्या गिऱ्हाइकाला काहीही न विकता लगेच डॉक्टरकडे पाठवायचे. पुढील लक्षणे ऐकली की विक्री थांबवावी:

- बोका सारखा लघवीला बसतो, पण होत नाही. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लोक अनेकदा याला बद्धकोष्ठ समजून औषध मागतात.
- पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब. पार्वो असण्याची शक्यता मोठी. वेळेवर सलाइन आणि उपचार मिळाले तर पिल्लू वाचू शकते.
- मोठ्या कुत्र्याचे पोट फुगले आहे, ओकारी येते पण काही पडत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. इथे प्रश्न तासांचा असतो.
- ताप, खाणे बंद, नाकातून रक्त आणि अंगावर गोचिडी. गोचीड तापाची तपासणी लागते. गोचिडीच्या पावडरीने तो बरा होत नाही.
- उन्हातून आल्यावर जोराची धाप, लाळ, झोक जाणे. उष्माघात. चपट्या नाकाचे पग आणि दाट केसांचे हस्की दमट हवेत लवकर अडचणीत येतात.

चुकीच्या विक्रीने काय होते?

या दुकानातल्या काही चुका जीवघेण्या ठरतात. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीडनाशक थेंबांत परमेथ्रिन असते. तेच थेंब मांजराला लावले तर तिला झटके येऊन ती मरू शकते. त्यामुळे गोचिडीचे औषध देण्याआधी ‘घरात मांजर आहे का?’ हे विचारणे सवयीचे झाले पाहिजे. मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ का, असेही लोक विचारतात. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा, द्राक्षे, चॉकलेट कुत्र्यांना चालत नाहीत. खारवलेली सुकट मांजराला आवडते, पण तिच्यातले मीठ रोजच्या खाण्यासाठी जास्त असते.

पार्वोचा विषाणू जमिनीवर आणि चपलांवर महिनोन्महिने टिकतो. म्हणून लस पूर्ण न झालेले पिल्लू दुकानात आणले तर ते मांडीवर किंवा पिशवीतच ठेवायला सांगावे. फरशी साध्या फिनेलऐवजी ब्लीचच्या पाण्याने पुसलेली बरी. पिल्लाची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तिचे डोस चालतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे गिऱ्हाईक

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे लोक मोठी खरेदी करतात आणि बहुधा स्वस्त माल मागतात. त्यांच्या पाठोपाठ सोसायटीतली भांडणेही दुकानात येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची तरतूद आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खाऊ न घालता पालिकांनी ठरवलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. काउंटरवरच्या माणसाने बाजू घेण्याची गरज नाही, पण कोणाला कुत्रा चावला असे कळले तर दोन वाक्ये जरूर सांगावीत: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

पगार, वेळ आणि हक्क

या नोकरीला पदवी लागत नाही. काही दुकानांत पगाराव्यतिरिक्त विक्रीवर कमिशन मिळते. तिथेच ताण तयार होतो, कारण डॉक्टरकडे पाठवलेल्या गिऱ्हाइकावर कमिशन मिळत नाही. मालकाने हे आधीच मोकळेपणाने ठरवून दिले तर नोकराला खरे बोलणे सोपे जाते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर अशी तरतूद झाली. मात्र या कायद्याची मुख्य बंधने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि रोजचे तास दहावर नेण्याचा निर्णय घेतला. दोन-तीन माणसांच्या पेट शॉपचे तास आणि सुट्ट्या त्यामुळे बहुतेक वेळा मालकाच्या शब्दावर चालतात. किमान वेतन मात्र लहान दुकानालाही लागू असते. म्हणून रुजू होताना तास, सुट्टी, पगार आणि कुत्रा चावल्यास उपचाराचा खर्च कोण देणार, या चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

दिवसभर उभे राहणे हा आणखी एक त्रास. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. तसा कायदा नसला तरी काउंटरमागे एक स्टूल ठेवायला मालकाला फारसा खर्च येत नाही.

हे काम कोणाला जमते?

प्राण्यांची आवड असेल तर काम सोपे होते, पण तेवढ्याने भागत नाही. चावे, नखांचे ओरखडे, गजकर्ण, खाद्य आणि लिटरच्या धुळीने येणाऱ्या शिंका यांची तयारी हवी. हिशेब चोख हवा आणि लेबल वाचण्याची सवय हवी. काल पिल्लासाठी पट्टा नेलेले गिऱ्हाईक आज रडत आले, तर त्याच्याशी दोन शब्द बोलता यायला हवेत.

चांगल्या दुकानात काउंटरजवळ एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर जवळच्या पशुवैद्यांचे फोन, त्यांच्या वेळा आणि रात्री कोण उघडे असते हे लिहिलेले असते. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी तो कागद आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तयार करावा.