मजुरांच्या वाटेवरचा सायकलप्रवास

स्कॅन्डिनेव्हियातील दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासाविषयी लिहिताना फ्योर्ड, म्हणजे डोंगरकड्यांमधून दूरवर आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, आणि उत्तर टोकाचे नॉर्डकाप हे भूशिर यांचेच वर्णन बहुधा पुढे येते. परंतु या प्रवासाची नॉर्वेतील सर्वांत नावाजलेली वाट सायकलस्वारांसाठी बांधलेली नव्हती. बर्गन आणि क्रिस्टियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, यांना जोडणारा लोहमार्ग हार्डांगरविद्दा पठाराच्या कडेने न्यायचे ठरले, तेव्हा त्या निर्जन उंचीवर दगड, लाकूड, सुरुंगाची दारू आणि धान्य पोहोचवण्यासाठी आधी रस्ताच करावा लागला. हे काम ज्यांनी केले ते रालार, म्हणजे एक लोहमार्ग पुरा झाला की दुसऱ्याच्या शोधात गाव सोडून निघणारे फिरते मजूर, होते आणि त्यांच्यावरूनच त्या वाटेला रालारवेगेन हे नाव पडले. २७ नोव्हेंबर १९०९ रोजी राजा सातवा होकोन याच्या हस्ते लोहमार्गाचे उद्घाटन झाले, त्यानंतर रस्ता दुरुस्तीपुरता उरला आणि १९७० च्या दशकापासून तो सायकलप्रवाशांचा झाला. हाउगास्टोलपासून फिन्सेमार्गे फ्लोमपर्यंतची ही सुमारे ८० किलोमीटरची वाट १,३०० मीटरहून अधिक उंचीवर चढते आणि म्यूरडालनंतर एकामागून एक तीव्र वळणे घेत समुद्रसपाटीला येते. उंचावरचे बर्फ बहुधा जुलैत वितळत असल्याने तिचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो.

या प्रवासाला दुसरा आधार कायद्याचा आहे. लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवरून कोणालाही जाण्याचा आणि तेथे राहण्याचा जो परंपरागत हक्क नॉर्वेत मानला जाई, त्याला १९५७ च्या कायद्याने लेखी रूप दिले. राहत्या घरापासून १५० मीटर अंतर राखून तंबू ठोकता येत असल्यामुळे साधी सायकल असलेल्या विद्यार्थ्यालाही आठवडेच्या आठवडे प्रवास परवडतो. डेन्मार्कने १९९३ मध्ये देशभर क्रमांकित सायकलमार्गांचे जाळे आखले, तेही याच वृत्तीतून, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राकडून पाहता सायकलीवरील जगप्रवासाची परंपरा मुंबईत सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. मात्र त्यांची वाट इराण, इटली, ब्रिटन, अमेरिका आणि जपान अशी होती. उत्तर युरोप ओलांडणारा ठळक मराठी प्रवास पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचा आहे. २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पर्थहून निघून तिने सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली आणि तीत डेन्मार्क, स्वीडन व फिनलंड पार करून ती रशियात शिरली. प्रदक्षिणेच्या नियमात अंतर आणि वेळ यांचा हिशेब मुख्य असतो, त्यामुळे जिथे इतर प्रवासी रमत जातात तोच प्रदेश तिला वेगाने मागे टाकावा लागला.

सायकलप्रवासाच्या या इतिहासात बुंदेलखंडातील झाशी जिल्ह्यातल्या टहरौली तहसिलीसारख्या प्रदेशाचा विचार सहसा होत नाही. झाशी-माणिकपूर हा याच जिल्ह्यातील मऊरानीपूरवरून जाणारा लोहमार्ग १८८९ मध्ये खुला झाला. पुढे पावसाने दगा दिलेल्या वर्षांत बुंदेलखंडातील माणसे कामासाठी मोठ्या शहरांकडे जात राहिली आणि त्यांतील असंख्य महाराष्ट्राच्या बांधकामांवर व कारखान्यांत राबली. मार्च २०२० च्या अखेरीस कोविडच्या टाळेबंदीने रेल्वेगाड्या थांबल्या, तेव्हा या मजुरांपैकी अनेकांनी उरलेल्या पैशांत जुनी-नवी सायकल घेतली आणि हजार किलोमीटरहून दूर असलेल्या गावाकडे पॅडल मारले. मे महिन्यात झाशीजवळच्या रक्सा येथील राज्यसीमेवर पायी, मालमोटारींतून आणि सायकलींवरून आलेल्या लोकांची प्रचंड गर्दी झाली होती. छंदाने केलेला प्रवास आणि नाइलाजाने केलेला प्रवास यांची तुलना करताना सावध राहायला हवे, कारण उपासमार हे साहस नव्हे. तरीही अंतर, भार आणि हवामान या तिन्ही कसोट्यांवर हे प्रवास सायकलीच्या इतिहासातच मोडतात आणि त्यांना स्थलांतराच्या एका ओळीत गुंडाळणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. फिन्सेच्या स्थानकाशेजारी रालार मजुरांचे संग्रहालय आहे. बुंदेलखंडातील प्रवासी तर अजून गावोगावी आहेत. त्यांनी कोणता मार्ग धरला, कॅरिअरवर काय बांधले, पंक्चर कोठे काढले, रात्री कोणी आसरा दिला, हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बुंदेलीत लिहून घेण्याचे काम आज होऊ शकते.