सांताक्रुझचे बोइंग, न्यूयॉर्कची मर्यादा

14 मे 1960 रोजी एअर इंडियाची बोइंग 707 विमानसेवा न्यूयॉर्कपर्यंत सुरू झाली, याचा अभिमान आपण आजही बाळगतो. पण त्या विमानाच्या आवाजाचा हिशेब फक्त एकाच टोकाला ठेवला गेला. न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीने प्रवासी जेट येण्याच्या सुमारासच लिओ बेरानेक यांच्या ध्वनिशास्त्र कंपनीकडून आवाजाची तपासणी करून घेतली होती. मीटरचा आकडा सारखाच असला तरी पंख्याच्या विमानापेक्षा जेटचा कर्कश आवाज जास्त छळतो, हे त्याच कंपनीतील कार्ल क्रायटर यांनी लोकांना दोन्ही आवाज ऐकवून सिद्ध केले आणि त्या छळाचेच माप बनवले. त्या मापावर 112 ची मर्यादा आली. ही मर्यादा थेट विमानाच्या घडणीत उतरली, असे मला ठामपणे वाटते. एअर इंडियाच्या 707 ला रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती. त्यांच्या नॉझलची कड गोल नव्हती, तिला खोल पाकळ्या पाडलेल्या होत्या; बाहेरची हवा झोतात लवकर मिसळावी आणि झोताचा वेग मंदावावा म्हणून. जेम्स लाइटहिल यांनी 1952 मध्ये दाखवले होते की झोताचा वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती 256 पट होते. पाकळ्यांमुळे वजन वाढते, रेटा थोडा घटतो. असा तोटा कोणती कंपनी आपणहून सोसेल?

त्या पाकळ्यांचा फायदा विलेपार्ले-कुर्ल्यालाही मिळाला, पण आयताच. उड्डाणानंतर वस्तीवरून जाताना इंजिनाचा जोर कमी करणे स्थानिक नियमावर अवलंबून असते, आणि तो नियम मुंबईच्या सांताक्रुझ विमानतळाला नव्हता. तेव्हा विमाने होतीच किती, मोजायचे कशाला, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. मोजमाप सुरुवातीलाच झाले असते, तर पुढे वस्ती आणि धावपट्टी एकमेकींना भिडताना रहिवाशांच्या हाती काही पुरावा असता. विमानतळांभोवतीच्या आवाजाची मानके आपल्याकडे थेट 2018 मध्ये अधिसूचित झाली. आर्णीसारख्या गावात निवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. वर्दळीच्या विमानतळाच्या क्षेत्रात ती 65 आहे, म्हणजे ध्वनिऊर्जेत शंभरपट. विमानतळाला गावाचा नियम लावता येणार नाही, हे मान्यच. माझा आक्षेप ही मर्यादा रात्रभराच्या सरासरीवर मोजण्याला आहे. रात्रीच्या 8 तासांत 85 डेसिबलचे एक विमान अर्धा मिनिट डोक्यावरून गेले आणि बाकी वेळ शांतता धरली, तर सरासरी जेमतेम 55 भरते. अशी 9 विमाने गेली, माणूस 9 वेळा दचकून उठला, तरी कागदावर मर्यादा मोडत नाही. न्यूयॉर्कने 1960 च्या आधीच प्रत्येक उड्डाण वेगळे धरले होते. मुंबईच्या रात्रीसाठीही सरासरीच्या जोडीला दर उड्डाणाचा आकडा नियमात यायला हवा.