टोपीवरचं चिन्ह, कमरेचा पट्टा आणि बाळंतिणीची पेटी

तिजोरीत पैसा थोडा असेल तर आधी दवाखाना की आधी तोफ? टीव्हीवर हा वाद रोज रंगतो. एक म्हणतो, देश वाचला तर बाकी सगळं. दुसरा म्हणतो, उपाशी पोटाला कसला आलाय देश! दोघांनीही फिनलंडचा १९३९चा हिवाळा एकदा वाचावा. पोस्ट जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

फिनलंड तेव्हा जेमतेम ३७ लाख वस्तीचा देश. शेजारी सोव्हिएत युनियन, लोकसंख्या १७ कोटींच्या आसपास. १९१७मध्ये रशियापासून सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी घरातच युद्ध पेटलं. एका बाजूला कामगार, भूमिहीन आणि बरीचशी कुळं, ते ‘लाल’. दुसरीकडे मालक, मध्यमवर्ग, स्वतःची जमीन असलेले शेतकरी, ते ‘पांढरे’. पांढरे जिंकले. त्यांचा सेनापती मॅनरहाइम. युद्धानंतर कैद्यांच्या छावण्यांत भूक आणि रोगराईनं १२ हजारांच्या वर लाल कैदी मेले. आता सांगा, अशा देशावर उद्या रशिया ‘कामगारांचं राज्य’ घेऊन चालून आला, तर त्या कैद्यांची पोरं कुणाच्या बाजूनं उभी राहणार?

पुढची वीस वर्षं या देशानं हे उत्तर घडवण्यात घालवली. मुद्दाम ठरवून म्हणून नव्हे, राजकारणाच्या रेट्यानं. १९१८च्या कायद्यानं कुळांना कसती जमीन विकत घेता येऊ लागली (आपला कूळ कायदा याच्या कितीतरी नंतरचा), १९२२च्या कायद्यानं भूमिहीनांचीही सोय झाली. १९३७मध्ये शेतकऱ्यांचा पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट सरकारात एकत्र बसले. त्याच वर्षी पेन्शनचा कायदा झाला, आणि गरीब बाळंतिणींना मदत देणाराही. बाळाचे कपडे वगैरे भरलेली ती सरकारी पेटी फिनलंडमध्ये आजही मिळते, आता सगळ्यांनाच.

इकडे मॅनरहाइम १९३१पासून संरक्षण परिषदेचा अध्यक्ष. दारूगोळ्यासाठी पैसे मागून मागून थकलेला. राजीनाम्याच्या धमक्याही देऊन झाल्या. अर्थमंत्री टान्नर हा सहकारी चळवळीतून आलेला, पै-पैचा हिशेब मागणारा माणूस. पंतप्रधान कायान्देर तर मुळात वनशास्त्राचा प्राध्यापक. ब्रिटनच्या विकर्स कंपनीकडून रणगाडे घेतले, तेही पैसे वाचवायचे म्हणून तोफांविना! काही तोफा १८७७च्या, झारच्या काळातल्या. ऑगस्ट १९३९मध्ये कायान्देर यांनी भाषणात समाधान व्यक्त केलं, की आपण पैसा गंजून जाणाऱ्या शस्त्रांत घातला नाही. चार महिन्यांच्या आत, ३० नोव्हेंबरला, हेलसिंकीवर बॉम्ब पडले.

अनेक सैनिकांना गणवेशच मिळाला नाही. टोपीवर लावायचं चिन्ह आणि कमरेचा पट्टा सरकारचा, बाकी कपडे घरचे. शिपाई त्याला ‘कायान्देर मॉडेल’ म्हणायचे. रणगाडे अडवायच्या तोफा इतक्या कमी, की सरकारी दारू कारखान्यानं पेटत्या बाटल्या भरायला घेतल्या. पाच लाखांहून जास्त भरल्या. वाचायला गंमत वाटते, पण बाटली फेकायची तर रणगाड्याच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलेले सगळे परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. युद्धाआधी मॉस्कोत बोलणी चालली होती, तेव्हा थोडा भूभाग देऊन टाका, असं सांगणारा हाच सेनापती होता. फौजेकडे काय नाही, हे त्याला ठाऊक होतं. परराष्ट्रमंत्री एर्को मात्र काही सोडायला तयार नव्हते. खर्चही करायचा नाही आणि झुकायचंही नाही, असं दोन्ही एकदम कसं जमायचं? माझ्या मते सरकारची चूक इथं झाली, पेटी वाटण्यात नव्हे. युद्ध येणारच नाही, असं धरून ते चालले होते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी स्टालिननं कुसिनेन या निर्वासित फिनिश कम्युनिस्टाचं बाहुलं सरकार जाहीर केलं. त्याच्या आश्वासनांत एक होतं आठ तासांचा कामाचा दिवस. फिनिश कामगाराला तो १९१७पासून मिळत होता! जमीनही कुळांच्या नावावर लागलेली. बंड झालं नाही. लालांचा गड असलेल्या टाम्पेरेची पोरंही लढायला गेली. २३ जानेवारी १९४० रोजी, युद्ध चालू असताना, मालकांच्या संघटनेनं कामगार संघटनांना वाटाघाटीतला पक्ष म्हणून पहिल्यांदा मान्यता दिली.

१०५ दिवस टिकले. सुमारे २५ हजार माणसं गेली. मार्चमध्ये तह झाला, देशाचा साधारण दहावा हिस्सा गेला आणि चार लाखांवर लोक घरदार सोडून आत आले. तोफगोळे आणखी असते तर यातलं किती वाचलं असतं, याचा हिशेब फिनलंडमध्ये अजून मांडला जातो.

पांढऱ्यांच्या १९१८च्या विजयाचा दिवस, १६ मे, दरवर्षी वाजतगाजत साजरा व्हायचा. १९४०च्या वसंतात मॅनरहाइमनं तो बंद केला. त्याऐवजी सगळ्या मृतांचा स्मृतिदिन सुरू झाला. त्यात १९१८चे लालही आले.