तेली : तिळातून निघालेला शब्द

'तेली' हा शब्द संस्कृत 'तैलिक'वरून प्राकृतमार्गे मराठीत आला. 'तैल' म्हणजे तिळाचे. तेव्हा आधी तीळ, मग तेल. पुढे नाव इतके पसरले, की आपल्या विदर्भात जवसाचे आणि सरकीचेही 'तेल'च झाले! इंग्रजी 'ऑइल'ची कथा हीच, फक्त तिथे तिळाच्या जागी ऑलिव्ह.

गिरण्या आल्या आणि तेल्याचा घाणा बंद पडू लागला. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे ठाणे वर्ध्याची मगनवाडी. तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणा सुधारला, आणि 'वर्धा घाणी' म्हणून तो दूरवर गेला. शब्द मात्र जातीच्या नावात उरला. आज पिशवीतले तेल विकणाऱ्याला कोणी तेली म्हणत नाही; तो दुकानदार.