शोकसभेपासून स्टेटसपर्यंत

खासबाग, शहापूर, वडगाव या माग चालणाऱ्या वस्तीतील जुन्या मराठी घरांना शोकसभेची रीत नवी नाही. थोर माणूस गेला की वृत्तपत्रात काळी चौकट येई आणि वाचनालयाच्या फळ्यावर खडूने सभेची वेळ लिहिली जाई. दुखवट्याचा ठराव होई, सारे दोन मिनिटे उभे राहत आणि घरी परतत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांनी १९१६ साली बेळगावातच होमरूल लीग स्थापन केली होती, त्यामुळे ते आपल्याला परके नव्हते. १२ जून २००० रोजी पु. ल. देशपांडे गेले, तेही एके काळी येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत असत. सभेला कोण आले नाही, याची नोंद मात्र कुणी ठेवीत नसे. निदान उघडपणे तरी नाही.

आता ती ठेवली जाते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. १९६९ साली सीमाप्रश्नासाठी मुंबईत आंदोलन उभारणारा नेता गेल्याचे दुःख आपल्या घरांत खरे होते. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी शंका व्यक्त केली, तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. त्यांपैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. ज्या कलमाखाली ही कारवाई झाली, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरविले. बाळासाहेबांसाठी हळहळणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी त्या मुलींविषयी चकार शब्द काढला, हे आम्ही आज कबूल करतो.

आपल्या गावाची परीक्षा पुढे झाली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार बंगळुरात वयाच्या ४६व्या वर्षी अकस्मात गेले. त्यांचे वडील डॉ. राजकुमार यांनी कन्नडला अग्रस्थान मागणाऱ्या गोकाक चळवळीचे १९८२ मध्ये नेतृत्व केले होते. त्या चळवळीची झळ मराठी शाळांना कशी लागली, हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. आणि तीनच दिवसांवर १ नोव्हेंबर होता. त्या दिवशी सरकार राज्योत्सव करते आणि मराठी माणूस काळा दिन पाळतो.

तरीही त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतील मराठी मुलांच्या स्टेटसवर पुनीत यांचे छायाचित्र होते. परिचयाच्या एका घरात आजोबांनी नातवाला विचारले, “काय रे, कुणाचा फोटो लावलास हा?” नातू म्हणाला, “चांगला माणूस होता, आजोबा. डोळे देऊन गेला.” पुनीत यांच्या नेत्रदानातून चार जणांना दृष्टी मिळाली, हे वृत्तपत्रांत आलेच होते. आजोबा गप्प राहिले. तीन दिवसांनी त्याच मुलाच्या स्टेटसवर काळा झेंडा होता. या दोहोंत त्याला काही विसंगत वाटले नाही, आणि विचार करता आम्हालाही वाटत नाही. दुःख करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

सारेच असे निभावले नाही. त्या डिसेंबरात बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्याला शाई फासल्याचे चित्रण फोनोफोनी पोहोचले. पाठोपाठ बेळगावात अनगोळ येथे संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि शहरात जमावबंदी लागली. ज्या फोनवर ऑक्टोबरात श्रद्धांजली होती, त्यावरच आता काय काय होते, ते येथे लिहिण्याजोगे नाही. शोकसभेतून घरी जाईपर्यंत माणसाचा संताप काहीसा निवत असे. स्टेटसला ती वाट चालावी लागत नाही.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या. रविवार होता. त्या दिवशी आमच्या कन्नड शेजाऱ्यांनी, मागावर बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी, आम्हाला फोनवर एक जुने गाणे पाठविले. १९६७ सालच्या ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ या कन्नड चित्रपटातील ते गाणे लताबाईंनी गायिले होते. ज्यांच्या पुतळ्यावरून दोनच महिन्यांपूर्वी गाव पेटू पाहत होते, त्याच रायण्णांच्या चित्रपटासाठी. आम्हाला हे ठाऊक नव्हते. सोबत त्यांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. आम्ही ते दोनदा ऐकले आणि सायंकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो.