अकाउंटंट आणि आर्थिक सल्लागार निवडताना काय पाहावे?

आपल्या मोहल्ल्यात जो कोणी रिटर्न भरून देतो त्याला आपण सरसकट 'सीए साहेब' म्हणतो. झेरॉक्सच्या दुकानात बसून पॅन कार्ड काढून देणाराही सीए, जीएसटीचे काम पाहणाराही सीए, आणि विम्याची पॉलिसी विकणाराही कधी कधी सीएच. गडबड इथूनच सुरू होते. ही माणसे वेगवेगळी आहेत, त्यांचे अधिकार वेगळे आहेत आणि काही चुकले तर त्यांना जाब विचारणारी संस्थाही वेगळी आहे.

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. 1949 च्या कायद्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा तो सभासद असतो. त्याला सभासद क्रमांक असतो, आणि स्वतंत्र व्यवसाय करायचा तर इन्स्टिट्यूटचे प्रॅक्टिस सर्टिफिकेटही लागते. हा क्रमांक विचारायला लाजू नये. खरा सीए रागावत नाही, उलट लगेच सांगतो. बँकेच्या कर्जासाठी किंवा मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावर 'यूडीआयएन' नावाचा 18 अंक-अक्षरांचा क्रमांक असायला हवा. 2019 पासून तो सक्तीचा आहे आणि इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. शिक्का सुंदर आहे पण हा क्रमांक नाही, असे प्रमाणपत्र बँकेत नेऊन उपयोग नाही.

टॅक्स कन्सल्टंट, जीएसटी प्रॅक्टिशनर, अकाउंट लिहिणारे यांच्यातही चांगली, कष्टाळू माणसे भरपूर आहेत. साध्या पगारदाराला किंवा छोट्या दुकानदाराला सीएच हवा असे काही नाही. फॉर्म 16 हातात असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल तर पोर्टलवर रिटर्न स्वतःसुद्धा फुकट भरता येते. घरातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी जवळ बसली तर तासाभराचे काम आहे. ऑडिट लागणारा धंदा, संस्थेचा ट्रस्ट, मालमत्तेची विक्री, परदेशातले उत्पन्न असे काही असेल तर मात्र सीएकडेच जावे.

आता खरा प्रश्न भरोशाचा. आपण माणूस कसा निवडतो? 'आपल्या जमातीतला आहे', 'पाच वक्तचा नमाजी आहे', 'मामूंच्या ओळखीचा आहे'. या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांनी हिशोब तपासला जात नाही. सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातली सर्वात लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. ओळख असली तरी लिहा, असाच तिचा रोख आहे. त्यामुळे 'आपल्या माणसाकडे' पावती मागितली तर तो अविश्वास होत नाही.

पगारदारांच्या बाबतीत सर्वात जास्त फसगत रिफंडच्या नावाने होते. आम्ही शाळेत काम करतो, म्हणून हे जवळून पाहिले आहे. जून-जुलैत कोणीतरी स्टाफरूममध्ये येतो, 'सर, तुमचा चाळीस हजार रिफंड काढून देतो, मला दहा टक्के द्या' म्हणतो. रिफंड येतोही. कसा येतो? न दिलेले घरभाडे, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, न घेतलेले शैक्षणिक कर्ज दाखवून. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभरात 150 ठिकाणी अशाच बोगस वजावटी दाखवणाऱ्यांवर तपासणी केली. नोटीस येते ती एजंटला नाही, ज्याचा पॅन आहे त्याला. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड, शिवाय कर आणि व्याज वेगळे. एजंटचे दहा टक्के तोवर खर्चूनही झालेले असतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इन्स्टिट्यूटच्या नियमांनुसार सीएला अशा कामात निकालावर टक्केवारीने फी घेता येत नाही. रिफंडमध्ये वाटा मागणारा स्वतःला सीए म्हणवत असेल तर तो एक तर सीए नाही, किंवा सीए असून नियम मोडतो आहे.

ज्यांच्याकडून असे रिटर्न आधीच भरले गेले आहे त्यांनी नोटिशीची वाट बघत बसू नये. अपडेटेड रिटर्न भरून दुरुस्ती करता येते. त्याची मुदत आता कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत वाढवली आहे, पण जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षी 25 टक्के, चौथ्या वर्षी 70 टक्के. कारवाई सुरू झाल्यावर हा रस्ताही बंद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या घरांमधली. बचत खात्यावर जमा होणारे व्याज आपल्यापैकी बरेच जण स्वतःसाठी वापरत नाहीत, सवाबच्या नियतीशिवाय गरजूंना देऊन टाकतात. पण देऊन टाकले म्हणून ते रिटर्नमध्ये दाखवायचे नाही, असा समज पसरला आहे आणि काही एजंटही तो दुरुस्त करत नाहीत. कायद्याच्या नजरेत ते उत्पन्नच आहे. बँक ते आयकर खात्याला कळवते आणि तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, ते दिसते. चांगला अकाउंटंट रिटर्नच्या आधी एआयएस उघडून तुमच्यासमोर एकेक नोंद वाचतो. जो फक्त फॉर्म 16 मागून घेतो आणि 'झाले, जा' म्हणतो, त्याने अर्धेच काम केलेले असते.

जकातीचेही तसेच. सीए तुम्हाला रोकड, माल, येणी-देणी यांची नीट यादी काढून देईल, आणि रमजानपूर्वी ती मिळाली तर मोठी सोय होते. पण कोणत्या रकमेवर जकात लागते, पीएफचे काय, दुकानातल्या मालाची किंमत कोणती धरायची, हे मुफ्ती साहेबांना विचारायचे. सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम, चांदीचा 612.36 ग्रॅम, त्यावर अडीच टक्के, हे सर्वांना माहीत असते. अडते ते मालमत्तेच्या यादीत. आणि दिलेल्या जकातीवर आयकरात आपोआप सूट मिळत नाही. जुन्या कर पद्धतीत, 80 जीची मान्यता असलेल्या संस्थेला, रोख नव्हे तर बँकेतून दिलेल्या रकमेपुरतीच ती मिळू शकते (रोखीची मर्यादा 2,000 रुपये).

माणूस कितीही चांगला असो, चाव्या आपल्या हातात हव्यात. आयकर पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे, हे आजच बघा. शेकडो लोकांच्या खात्यावर एकाच एजंटचा नंबर असतो. मग नोटीस त्याला जाते, ओटीपी त्याला जातो, आणि आपल्याला काही कळतच नाही. रिफंडसाठी जोडलेले बँक खाते आपलेच आहे का, तेही बघावे. रिटर्न भरल्यावर पोचपावती आणि पूर्ण फॉर्म दोन्ही मागून घ्यावेत. नुसत्या पोचपावतीवर कोणत्या वजावटी दाखवल्या ते समजत नाही. डिजिटल सहीचा टोकन, सही केलेले कोरे चेक, कोऱ्या स्टँप पेपरवरची सही हे कोणाच्याही कपाटात ठेवू नये, भाचा असला तरी.

भिवंडी-मालेगावचे यंत्रमागवाले, भंगार आणि फळांचे व्यापारी यांनी जीएसटीची रक्कम रोखीने अकाउंटंटच्या हातात देण्याची सवय सोडावी. चलन तयार करायला सांगावे आणि पैसे स्वतः बँकेतून भरावेत. रिटर्न भरले की नाही हे पाहायला त्याला फोन करायचीही गरज नाही. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता आपला जीएसटी क्रमांक टाकला की कोणत्या महिन्याचे रिटर्न कधी भरले ते दिसते. महिन्यातून एकदा बघावे.

कोकणातल्या ज्या घरांची कमाई आखातातून येते त्यांनी सीएला एकच प्रश्न विचारून बघावा: 'अब्बा कायमचे परत आल्यावर एनआरई खात्याचे काय करायचे?' अनिवासी असताना त्या खात्याचे व्याज करमुक्त असते, पण कायमचे परतल्यावर खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. याचे उत्तर लगेच देता येत नसेल तर त्या कामासाठी दुसरा माणूस शोधावा.

गुंतवणुकीचा सल्ला देणारे हा वेगळाच वर्ग. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार तुमच्याकडून फी घेतो, त्याचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाकडे 'एआरएन' क्रमांक असतो आणि त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. कमिशन घेणे गैर नाही, पण समोरचा सल्ला देतो आहे की माल विकतो आहे हे आपल्याला माहीत असावे. शरिया निकषांवर चालणारे टाटा एथिकल फंडासारखे पर्याय सेबीच्या देखरेखीखाली उपलब्ध आहेत. त्यांत तोटाही होऊ शकतो, आणि तसे छापलेलेही असते.

जिथे तोटा होणारच नाही असे सांगितले जाते तिथे थांबा. बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायझरी, म्हणजे आयएमएने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले. जून 2019 मध्ये तिचा संस्थापक देश सोडून पळाला, जुलैमध्ये परतल्यावर अटक झाला. लोकांची आयुष्यभराची पुंजी, मुलींच्या लग्नाचे पैसे, हजसाठी ठेवलेली रक्कम त्यात अडकली. व्याज नको म्हणून बँकेतून पैसे काढून तिथे टाकणारेही होते. धंद्यातली भागीदारी असेल तर नफ्यात प्रमाणाने वाटा मिळतो आणि तोटाही सोसावा लागतो. दरमहा लाखामागे ठराविक रक्कम, मुद्दल सुरक्षित, असे कोणी सांगत असेल तर त्याला हलाल नाव देऊन काय उपयोग? शरियतच्या कसोटीवरही ते टिकत नाही आणि कायद्याच्याही. बिगरनोंदणीच्या ठेव योजनांवर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे.

तक्रार कुठे करायची? सीएविरुद्ध इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन विभागाकडे, सेबीकडे नोंदलेल्यांविरुद्ध 'स्कोर्स' पोर्टलवर, ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्ध पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत. नोंदणीच नसलेल्या एजंटविरुद्ध मात्र पोलीस ठाण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही. नोंदणी आधी विचारायची ती यासाठीच.

अकाउंटंट बदलायचा असेल तर भांडण न करता आधी मागच्या वर्षांची रिटर्न, ताळेबंद, चलने आणि मूळ कागद परत घ्यावेत. मग पासवर्ड, मोबाइल आणि ईमेल बदलून घ्यावा. ही फाइल घरात कुठे ठेवली आहे ते बायकोला आणि मोठ्या मुलीलाही सांगून ठेवावे.