दाबविद्युत् संवेदक
प्रवेग व बल मोजण्यासाठी दाबविद्युत् स्फटिक वापरणारे साधन. क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकावर दाब आला की त्याच्या पृष्ठांवर विद्युत् भार उमटतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. क्वार्ट्‌झमध्ये हा भार दर न्यूटनला जेमतेम २.३ पिकोकुलोंब असतो. त्यामुळे अभिकल्पाची खरी कसोटी तो टिकवण्यात आहे. जोडणीच्या टोकावर बोटाचा ओलसर ठसा राहिला, तरी निरोधन घटते, भार गळतो आणि वाचन सरकत जाते. म्हणूनच स्थिर बल दीर्घकाळ मोजायला हा संवेदक उपयोगी नाही. ठोका, कंपने, स्फोटाचा दाब ही त्याची खरी क्षेत्रे.

बलसंवेदकात स्फटिकाच्या चकत्या पोलादी तबकड्यांमध्ये बोल्टने आधीच आवळून ठेवतात. त्यामुळे दाबाबरोबर ताणही मोजता येतो. प्रवेगमापकात स्फटिकाला छोटे वस्तुमान जोडतात. ते वाढवले की संवेदनक्षमता वाढते, पण नैसर्गिक कंप्रता उतरते, आणि तिच्या साधारण एक-तृतीयांशापर्यंतच वाचनावर भरवसा ठेवता येतो. प्रवेगमापकाचा तळ तापला किंवा वाकला तर संपीडन रचनेत, म्हणजे स्फटिक वस्तुमान व तळ यांच्यामध्ये दाबला जातो तेथे, खोटा भार निर्माण होतो. स्फटिकावर कर्तन बल येते ती कर्तन रचना यातून बरीच सुटते, म्हणून यंत्रांची कंपने मोजताना तीच निवडावी.